कोरडं बत्तीस, ओलं एकोणतीस

ओतशाळेत चौतीस वर्षं वितळलेलं लोखंड ओतलेल्या माणसाला उकाड्यातलं सगळं कळतं, यावर भट्टीकाकांचा पूर्ण विश्वास होता. इतरांचा होता की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, सांगणं हा होता.

निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने त्यांनी घरच्या गॅसच्या शेगडीला शिकवलं. ज्योत किती हवी, भांडं कधी उतरवायचं, झाकण कुठल्या बाजूने उचलायचं. चौथ्या महिन्यात बायकोने त्यांना लेकीच्या हवाली केलं. ह्यांना मैदानावर ने, म्हणाली, तिथे जागा मोकळी आहे, बोलतील तेवढं वाऱ्यावर जाईल.

लेक एकतीस वर्षांची. दिवसा धुलाईच्या कारखान्यात इस्पितळाच्या चादरी इस्त्रीच्या यंत्रात सरकवायची आणि संध्याकाळी गावच्या महिला फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळायची. संघ दोन वर्षांपूर्वी खालच्या गटातून वरच्या गटात चढला होता आणि तेव्हापासून तिथे नखांनी धरून लटकला होता. लेकीने घरात सांगून ठेवलं होतं की यंदा घसरलो तर मी बूट खुंटीला टांगणार. या वयात पुन्हा खालून चढायची माझ्यात ताकद नाही. काकांना हे ऐकून वाईट वाटलं. पण तोंडातून निघालं ते असं, की ताकद ही वापरल्याने येते. वापरायची कुठे, हे ते सांगू शकले नाहीत.

संघाची शिक्षिका म्हणजे शाळेत कवायत शिकवणाऱ्या बाई. त्यांनी काकांना पाण्याचं काम दिलं. दोन बादल्या, सहा मग, एक टोपली. आठवड्याभरात पाणी मागे पडलं आणि सल्ला पुढे आला. ओतशाळेचा एक जुना दंडक काकांनी मैदानावर आणून रोवला. माणसाचा घाम गळतोय तोवर माणूस ठीक, घाम थांबला की माणसाला धरा. दंडक खोटा नव्हता. भट्टीपाशी कोसळलेली तीन माणसं त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेर उचलून आणली होती आणि तिघांची कातडी कागदासारखी कोरडी लागली होती. शिवाय पाणी घोटाघोटाने, तेही शिट्टी झाल्यावरच. आणि अंगात जाड सुती सदरा, पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, म्हणजे धग आत शिरत नाही. हा सदरा ते भर उन्हात मैदानावरही घालत. पोरी विचारायच्या, काका, उकडत नाही का? ते म्हणायचे, उकडणं हा मनाचा खेळ आहे.

शेवटच्या सामन्याला तीन आठवडे राहिले तेव्हा काकांनीच बाईंना भरीस घातलं की सराव दुपारी दोनला घ्या, अंगाला सवय लागते. याबाबतीत ते बरोबर निघाले. पहिल्या आठवड्यात पोरी झाडाला धरून उभ्या राहायच्या, तिसऱ्या आठवड्यात त्याच उन्हात तासभर पळू लागल्या. पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला. माणूस चुकला तर निदान गप्प बसतो. बरोबर निघालेल्या माणसाला आवरायला दोरखंड लागतो.

त्यांना आवरायचा प्रयत्न एकीनेच केला. ती संघाची गोलकीपर. इस्पितळात परिचारिका होती म्हणून सगळ्या तिला सिस्टर म्हणत. सिस्टर सरावाला वजनकाटा घेऊन यायची. पोरींना खेळाआधी आणि खेळानंतर काट्यावर उभं करायची आणि कोणाचं किती पाणी अंगातून गेलं ते वहीत लिहायची. वहीत प्रत्येकीच्या पाळीच्या तारखाही होत्या, कारण त्या दिवसांच्या आधी अंग मुळातच थोडं तापलेलं असतं, असं ती सांगायची. हे बोलणं निघालं की काका गोलच्या जाळीला भोकं किती ते मोजायला जात. वर्षभरात त्यांनी ती भोकं पाचपन्नास वेळा मोजली असतील.

तिच्याकडे एक फळीही होती. फळीवर दोन तापमापक शेजारी शेजारी ठोकलेले. एक उघडा, दुसऱ्याच्या टोकाला बँडेजची ओली पट्टी गुंडाळलेली. पट्टी वाळताना तापमापकाला गार करते, म्हणून ओला आकडा खाली राहतो. हवा जितकी दमट तितकी पट्टी कमी वाळते आणि ओला आकडा वर चढतो. आपला घाम म्हणजे ही पट्टीच समजा, असं सिस्टरने काकांना दोनदा समजावलं. गावात कोरडा आकडा एकोणचाळीस आणि ओला बावीस दाखवत होता. काकांनी फळीकडे पाहून विचारलं, "ह्याला ताप आलाय का? कपाळावर पट्टी ठेवली आहेस ती?" पोरी हसल्या. पोरी हसल्या की विषय संपला, अशी काकांची समजूत होती.

संघात एक बदली खेळाडू होती. चणीने बारीक, दर दहा मिनिटांनी पाण्याकडे येणारी, खेळ थांबला की सावली शोधून बसणारी. काकांनी तिचं नावच सावली ठेवलं. बाकीच्या पोरी मात्र त्यांच्या पसंतीला उतरल्या होत्या. सामन्याच्या दिवशी त्या पाण्याला जवळपास शिवतच नसत. भरलेली बादली अर्धी परत यायची आणि काका घरी बायकोला सांगायचे की बघ, वळण कसं लावलं.

शेवटचा सामना बंदराच्या शहरात होता, बसने सहा तासांवर. निदान बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात टिकणार होता. हरला तर घसरणार होता. दोन वाजता बसमधून उतरताना काकांना वाटलं की कोणीतरी तोंडावर ओला टॉवेल दाबला. पण आकाश ढगाळ होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. सिस्टरने फळी खुर्चीच्या पाठीला टांगली. पंधरा मिनिटांनी काकांनी चष्मा लावून आकडा वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा जाहीर केला. बत्तीस. एकोणचाळीसात तयार केलेल्या पोरी, बत्तिसाला काय भीक घालणार?

"दुसरा आकडा वाचा, काका," सिस्टर म्हणाली.

दुसरा एकोणतीस होता. काकांनी तोही वाचला, आणि तो तर आणखी कमी आहे, असं म्हणाले.

सिस्टरने कपाळाला हात लावला नाही, कारण तिचे हात भरलेले होते. तिने कुठूनतरी एक मोठा निळा टब आणला होता, माणूस मावेल एवढा. त्यात ती बर्फाच्या लाद्या फोडून टाकत होती. रेफ्रीकडे जाऊन तिने प्रत्येक अर्ध्यात पाण्यासाठी एक विराम मागून घेतला. काकांनी विचारलं की टबात कोणाला आंघोळ घालायची आहे. ती म्हणाली, "पडेल त्याला." मग तिने बाईंना बजावलं की मी तिकडे गोलमध्ये असेन, इथे बसून कोणीतरी पोरींकडे नीट बघा, कोण संपतेय ते ओळखा. बाईंनी काकांकडे पाहिलं. वर्षभर जिभेने ज्या पदासाठी अर्ज करत होते ते पद काकांना मिळालं.

सुरुवात झकास झाली. विसाव्या मिनिटाला लेकीने मैदानाच्या मध्यापासून पळत जाऊन पास दिला आणि संघाचा गोल झाला. काकांनी टाळी वाजवली नाही. कामाच्या वेळी टाळी वाजवायची नसते. पण सदऱ्याची कॉलर ताठ केली. पाण्याच्या विरामात पोरी आल्या, गुळणी करून थुंकल्या, एकेक घोट घेऊन गेल्या. काका खूष झाले. त्यानंतर पोरींचं पळणं उतरत गेलं. आधी लांबची धाव थांबली, मग जवळची, मग ज्या बॉलवर तीन पोरी तुटून पडायच्या त्याच्याकडे एकच चालत जायला लागली. बंदराच्या पोरी फार पळतच नव्हत्या. बॉल एकमेकींत फिरवत समोरच्यांना दमवत होत्या. त्यांचा जन्म त्याच वाफेत गेला होता.

मध्यंतराला लेक बाकावर गुडघ्यांत डोकं घालून बसली. पाय शिशाचे झालेत, म्हणाली. बाई वाकून काकांच्या कानाशी आल्या. "काका, हिला काढू का?"

काकांनी लेकीची हनुवटी वर केली. तोंड लालभडक, आणि कपाळावरून, नाकावरून, कानांमागून घामाच्या धारा. नळ उघडा राहिल्यासारख्या.

"काढायचं काय कारण?" ते म्हणाले. "घाम बघा. अजून दोन तास चालेल."

लेकीने बापाकडे पाहिलं आणि उठली. तिने आयुष्यात बापाचे सल्ले शंभर वेळा धुडकावले होते. नेमका हा मानला.

दुसऱ्या अर्ध्यात दहाव्या मिनिटाला बंदराने बरोबरी केली. त्यानंतर थोड्या वेळाने लेकीला एकटीला बॉल मिळाला. समोर मोकळं मैदान. तिने मान वर केली, नीट नेम धरला आणि रेषेबाहेर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या लाइनमनच्या पायात पास दिला. बाकावर हशा पिकला. काकाही हसले आणि म्हणाले, पास मात्र अचूक होता.

हसताना त्यांना घेरी आल्यासारखं झालं. आधार म्हणून त्यांनी खुर्चीची पाठ धरली तेव्हा बाहीतून पाणी टपटप गळून फळीवर पडलं. त्यांनी सदऱ्याकडे पाहिलं. ओतशाळेत जेवणाच्या सुट्टीपर्यंत सदरा पुठ्ठ्यासारखा ताठ व्हायचा आणि पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे. नकाशा बघून बायको सांगायची की आज मोठी भट्टी होती की लहान. या सदऱ्यावर मिठाचा एक कण नव्हता. अडीच तास घाम गळत होता आणि त्यातला एक थेंब वाळला नव्हता. सगळा खाली सांडत होता. आणि अंगात, बटणांच्या आत, धग तशीच्या तशी कोंडलेली होती. सिस्टरच्या पट्टीला त्यांनी बोट लावलं. चिंब.

चौतीस वर्षं भट्टीपाशी त्यांना वाटत आलं होतं की आपल्याला आपल्या जिद्दीने वाचवलं. वाचवलं होतं कोरड्या हवेने. हवा गप्प बसून काम करत होती आणि श्रेय काका घेत होते.

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. लेक मध्यभागी उभी होती, कमरेवर हात ठेवून, बॉल जिकडे होता त्याच्या नेमक्या उलट्या दिशेला तोंड करून. घाम गळतच होता.

"बाई, तिला बाहेर घ्या. आत्ता."

बाई चिडल्या. वीस मिनिटं राहिली आहेत, तिच्याशिवाय मधली फळी उघडी पडेल, आणि आत्ता तुम्हीच म्हणालात ना की दोन तास चालेल?

"मी चुकलो," काका म्हणाले. "मला ह्या हवेतलं काही कळत नाही. तिला बाहेर घ्या."

हे वाक्य त्यांनी आधी कधी वापरलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा आवाज किती ठेवायचा याचा अंदाज नव्हता. ते इतकं मोठ्याने निघालं की पलीकडच्या बाकावरही वळून बघितलं गेलं. सावलीला कोणी सांगायच्या आत ती उठून बुटांच्या नाड्या बांधायला लागली होती.

लेकीला हाक मारली तर ती चालत निघाली, पण बंदराच्या बाकाकडे. त्यांच्या शिक्षिकेने तिला कोपराला धरून रेषेच्या कडेकडेने आणून सोडलं. तोवर ती बडबडू लागली होती. सोडा मला, शिफ्ट संपली नाही, चादरी पडल्यात. बाईंनी खांदे धरले, काकांनी पाय, आणि दोघांनी तिला बुटांसकट बर्फाच्या टबात बसवलं. ती किंचाळली, लाथ मारली, लाथ काकांच्या बरगडीत बसली. ती लाथ बरीच जोरदार होती. काकांना तेवढाच धीर आला. ते मगाने तिच्या मानेवर, डोक्यावर पाणी ओतत राहिले. ओतायचं काम त्यांना येत होतं. एका मापात, न सांडता, न थांबता.

मग ते उठायला गेले आणि तोल गेला. ते टबाशेजारीच खाली बसले. आपण बसलोय हे त्यांना बसल्यावर कळलं. राखीव गोलकीपर धावत आली आणि तिने विचारपूस न करता पाण्याची उरलेली बादली त्यांच्या कॉलरमधून आत ओतली. वर्षभर बादली अर्धी परत नेणाऱ्या माणसाने तिथे एकट्याने अर्धी बादली संपवली. गळ्याची बटणं तिनेच काढली. एक तुटलं.

प्रथमोपचाराच्या गाडीतल्या डॉक्टरांनी लेकीचा ताप मोजला तो दहा मिनिटं बर्फात बसल्यावरही एकोणचाळीसाच्या वर होता. आणखी थोडा वेळ पळाली असती तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं. काकांनी ते पुढे कोणाला सांगितलं नाही. याच वेळात बंदराचा दुसरा गोल झाला. तो बाप-लेक दोघांनीही पाहिला नाही. सावली वीस मिनिटांत इतरांच्या दुप्पट धावली, सिस्टरने तीन बॉल अडवले, चौथा गेला. संघ हरला आणि घसरला.

डॉक्टरांच्या खोलीत दोन तास पंख्याखाली काढावे लागले. लेक शुद्धीवर आली तशी डॉक्टरांनी विचारलं की सकाळपासून पाणी किती प्यायलीस. एक मग, ती म्हणाली. काका लगेच पुढे सरसावले. सवय वाईट असते. ते सांगायला लागले की आमच्या पोरींना कमी पाण्यावर राहायचं वळण आहे.

"वळण कसलं, बाबा," लेक डोळे मिटूनच म्हणाली. "मैदानावरच्या बायकांच्या संडासाला कुलूप होतं. जिथे जाऊ तिथे असंच असतं. प्यायचं आणि जायचं कुठे? म्हणून कोणी पीत नाही."

"सावली प्यायची की."

"ती लाजत नाही. भिंतीमागे जाते. तिला तुम्ही नावं ठेवता."

काकांना जाळीची भोकं मोजायला जावंसं वाटलं, पण डॉक्टरांच्या खोलीत जाळी नव्हती.

परतीच्या बसमध्ये लेक खिडकीशी बसली आणि बापाला शेजारी बसू दिलं. ते ती रागावलेली नाही म्हणून की उठवायचं त्राण नाही म्हणून, हे काकांना ठरवता येईना. उजेड उतरत होता. पुढच्या बाकांवर कोणी रडून झालं होतं, कोणी झोपलं होतं. पाण्याची बाटली लेकीच्या मांडीवर होती आणि दर मैलाला सिस्टर मागे वळून बाटलीची पातळी बघत होती.

बऱ्याच वेळाने लेक म्हणाली, "मध्यंतरानंतरचं मला काही आठवत नाही. कोरी पाटी. मी काय काय केलं ते सांगा."

"जाऊ दे आता."

"शेवटचा सामना होता, बाबा. तुम्ही बघितलात, मला नको का?"

मग काकांनी सांगायला सुरुवात केली. फुटबॉलचं वर्णन त्यांनी कधी केलं नव्हतं, म्हणून ओतशाळेत कामाच्या पाळीचा अहवाल देतात तसं दिलं, वेळेनुसार, पदरचं काही न घालता. पाचव्या मिनिटाला तू त्यांच्या सातनंबरीकडून बॉल काढून घेतलास. सातव्या मिनिटाला पडलीस, स्वतःहून उठलीस. नवव्याला डावीकडे दिलेला पास चांगला होता, मी इतका चांगला पास तुझा पाहिला नव्हता. हे त्यांनी पटकन उरकलं, कारण शेरा मारायची पद्धत अहवालात नसते. मग लाइनमनचा पास सांगितला. लेकीला हसू फुटलं आणि बरगड्या दुखल्या. काकांच्याही दुखत होत्या, त्याचं कारण त्यांनी सांगितलं.

"आणि मध्यंतरात मी काय म्हणाले?"

"पाय शिशाचे झालेत म्हणालीस."

"मग तुम्ही?"

इथे एक वळण आलं आणि बस एका बाजूला कलली. काकांनी पुढची दांडी धरली. वळण संपलं तरी दांडी सोडली नाही.

"मी म्हणालो, काढायचं काय कारण, घाम बघा. अजून दोन तास चालेल. बाई काढत होत्या. मी अडवलं."

लेक बाटलीचं झाकण फिरवत बसली. उघडलं, लावलं, उघडलं.

"आणि दुसरा गोल? मी असते तर अडला असता?"

खोटं बोलायला जागा होती, दोन्ही बाजूंनी होती. काकांनी चौतीस वर्षांत साच्यात बुडबुडा राहिला तर राहिला असंच सांगितलं होतं.

"तू असतीस तर मधल्या वर्तुळात चादरी गोळा करत बसली असतीस," ते म्हणाले. "पण मध्यंतरालाच तुला बाहेर घेऊन टबात बसवलं असतं, पाणी पाजलं असतं, तर ते बघून बाकीच्यांनी पाय जपून वापरले असते. तेव्हा कदाचित अडला असता. तो दोष माझा."

तिने बाटली तोंडाला लावली. दोन घोट प्यायली. सिस्टरने वळून पातळी बघितली आणि पुन्हा पुढे तोंड केलं. मग लेकीने डोकं खिडकीला टेकवलं.

"खालच्या गटाचे सामने सकाळी सातला असतात," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. माहिती सांगतेय."

काकांच्या तोंडाशी एक सल्ला आला होता, सकाळच्या दंवाबद्दल. त्यांनी तो गिळला. गिळायला जड गेला, पण गेला. मग त्यांनी विचारलं की पुढचं सांगू का. ती म्हणाली, सांगा, आणि तो नवव्या मिनिटाचा पास परत एकदा सांगा.